चाळीस मिनिटांवरचा दादा

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. खरं आडनाव त्यांच्या बायकोला आणि पगार काढणाऱ्या कारकुनाला ठाऊक होतं. बाकी गावाला त्याची कधी गरजच पडली नाही.

गावाबाहेर, जिथं घरं संपतात आणि नुसतं गवत उरतं, तिथं एक विमानतळ होता. विमानतळ म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे काही उभं राहतं ते आधी पुसून टाकलेलं बरं. एक डांबरी पट्टी, तिच्या कडेला पत्र्याची खोली, खोलीत दोन लाकडी बाकं आणि मधोमध एक भलामोठा वजनकाटा. मंगळवारी आणि शुक्रवारी, ढगांची मर्जी असेल तर, नऊ जणांचं एक चिमुकलं विमान तिथं उतरायचं आणि माणसं भरून डोंगरापलीकडच्या गावाला जायचं. विमान इतकं चिमुकलं, की त्यात चढवण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागे. जड माणूस पुढं, हलका मागं, गठ्ठे पोटात. ही वजनं करायचं काम काकांचं. म्हणून ते काटेकाका.

वजनाच्या बाबतीत माणूस जितकं खोटं बोलतो, तितकं तो कोर्टातही बोलत नसेल. "काका, सत्तर लिहा ना, कालच बघितलंय," असं म्हणत नव्वदीतली माणसं काट्यावर चढायची. काही जण श्वास धरून उभे राहायचे, जणू पोटातली हवाच तेवढी जड. एका बाईंनी तर कानातले काढून हातात घेतले होते. कानातले हातात घेतल्यानं वजन कसं कमी होतं, हे काकांनी त्यांना विचारलं नाही. ते कुणालाच काही विचारत नसत. काट्याची तबकडी त्यांच्याकडं तोंड करून असे, ते आकडा बघत, टिपून घेत आणि म्हणत, "बसा." बस्स. आकडा मोठ्यानं उच्चारायचा नाही, हा त्या खोलीचा धर्म होता. गावातल्या झाडून साऱ्या माणसांचं खरं वजन या एका माणसाच्या पोटात होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नव्हतं. बायकांनी चहा पाजून पाहिला, पुरुषांनी पैजा लावून पाहिल्या. काका चहा प्यायचे आणि म्हणायचे, "चहा छान झालाय."

दोन्ही गावं तशी जगाच्या पाठीमागं पडलेली. नकाशावर सरळ रेघ मारली तर एकमेकांच्या कुशीत. पण मध्ये डोंगर. रस्ता त्या डोंगराला असा काही वळसा घालायचा, जसा एखाद्या रुसलेल्या जावयानं सासरवाडीला घालावा. आधी खिंड, मग नदी, नदीवर तराफा, तराफेवाल्याची झोप, पलीकडं ढेकणांनी भरलेली खानावळ, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाव. विमानानं मात्र...

"काका, किती वेळ लागतो हो?" प्रत्येक नवा प्रवासी विचारायचा.

"चाळीस मिनिटं," काका सांगायचे. ते अंतर आपणच फीत धरून मोजून आल्यासारखं सांगायचे. ते स्वतः त्या विमानात कधी बसले नव्हते.

आणि त्या चाळीस मिनिटांच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा सख्खा थोरला भाऊ राहत होता.

दादा तरुणपणीच पलीकडं गेला होता. तिथं त्याचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. काकांना सायकल शिकवली ती दादानं. म्हणजे पाठीमागून सीट धरून पळाला आणि मध्येच न सांगता सोडून दिली. ढोपर फुटलं, पण सायकल आली. असा दादा. आईवडील गेल्यावर दोघंच भाऊ उरलेले. भांडण नाही, जमिनीचा तुकडा नाही, जावाजावांची धुसफूस नाही. धुसफूस व्हायला जावा भेटायला तरी हव्यात!

दर रविवारी फोन व्हायचा.

"ये की रे," दादा म्हणायचा, "चाळीस मिनिटं तर आहेत."

"येतो ना," काका म्हणायचे, "चाळीस मिनिटं तर आहेत."

एकच वाक्य. त्या बाजूनं ते आमंत्रण होतं आणि या बाजूनं ती सबब होती. दादा स्वतः विमानाला घाबरायचा. जी वस्तू आपल्याला खालून उघडून बघता येत नाही, तिच्यात बसायचं नाही, हा त्याचा धंद्यातला नियम. काकांच्या मुलीच्या लग्नाला तो रस्त्यानं आला होता, दोन दिवस हाडं खिळखिळी करून, तराफ्यावर ओकून. त्याला अकरा वर्षं झाली. रस्त्यानं जाणारी माणसं वर्षातून एकदा का होईना, पण पलीकडं जाऊन यायची. काकांना रस्त्यानं जायची गरज नव्हती. त्यांच्याकडं चाळीस मिनिटं होती.

शिवाय नोकरीची सवलत होती. सगळ्यांची वजनं झाल्यावर विमानात जागा आणि वजन, दोन्ही उरलं, तर नोकरमाणसाला प्रवास फुकट. आता उरलंय की नाही, हे ठरवणार कोण? तर काटेकाका. आणि दर खेपेला ऐन वेळी कुणीतरी उगवायचंच. कधी तापानं फणफणलेलं मूल, कधी नोकरीच्या मुलाखतीला निघालेली पोरगी. काका बॅग पुन्हा बाकाखाली सरकवून म्हणायचे, "तुम्ही जा. माझं काय, मी कधीही जाईन." एकदा तर त्यांची जागा एका शिवणयंत्रानं घेतली.

"शिवणयंत्र भावाला भेटून आलं," बायको म्हणाली, "तुम्ही राहिलात."

गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. बायको म्हणायची, "देवमाणूस कसला डोंबलाचा! कंटाळा करतात झालं." खरं काय होतं ते काकांनी कधी काट्यावर घालून बघितलं नाही.

त्या शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला. काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

"भाऊजी, यांना दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या."

"बरं," काका म्हणाले.

"आज विमान आहे ना?"

"आहे. आभाळ स्वच्छ आहे."

"मग येताय ना?"

"हो. चाळीस मिनिटं तर आहेत," काका म्हणाले, आणि फोन ठेवून उरलेला गाल नीट, सावकाश, कानापर्यंत तासला. त्यांना वाटत होतं, आता काहीतरी होईल. घसा दाटेल, हात थरथरेल, निदान वस्तरा तरी लागेल. काहीच झालं नाही. पाय दुमडून बसल्यावर पायाला मुंग्या येतात आणि मग तो पाय आपला असून आपला राहत नाही. तसं झालं होतं, पण सगळ्या अंगाला.

बायकोनं बॅग भरली. तिनं थोरल्या दिरासाठी राखाडी लोकरीचा स्वेटर विणून ठेवला होता. दोन हिवाळे तो कपाटातच पडून होता, कारण तो काका स्वतः घेऊन जाणार होते.

"मीही येते विमानतळापर्यंत," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"शिवणयंत्र आलं तर त्याला हाकलायला."

खोलीत आठ प्रवासी होते. काका नेहमीसारखे काट्यामागं उभे राहिले. कापडवाला त्याच्या गठ्ठ्यांसकट चढला. "आज उपाशीपोटी आलोय हं, काका!" असं तो गेली दहा वर्षं म्हणत होता. काकांनी आकडा टिपला. "बसा." शाळेच्या मास्तरीणबाई पुस्तकांची पिशवी घेऊन चढल्या. "बसा." एक नवराबायको, तीन गवंडी, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची काठी. "बसा. बसा. बसा." काकांचा हात आपला आपण चालला होता, त्याला काकांची गरज नव्हती.

बेरीज झाली. एक जागा उरली होती आणि वजन उरलं होतं अडुसष्ट किलो. बॅग सहा किलोची. काकांनी नवव्या ओळीत स्वतःचं वजन लिहिलं: बासष्ट. बासष्ट आणि सहा, अडुसष्ट. जणू दादानंच पाठीमागून सीट धरली होती.

विमान उतरलं. पायलटबाई आत आल्या. तरुण होत्या, या मार्गावर आल्याला दोनच महिने झाले होते. त्यांनी यादीवर नजर टाकली.

"हे नववे कोण?"

"मी."

"बासष्ट?"

"बासष्ट."

पायलटबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत आणि मग, जरा थांबून, मधल्या भागाकडं बघितलं. "काका, हे बासष्ट कोणत्या सालचं?"

झालं होतं असं, की हा काटा नवा आला तेव्हा तो बसवणाऱ्या कारागिरानं पहिल्यांदा काकांनाच त्यावर उभं केलं होतं आणि म्हटलं होतं, "बासष्ट. ठणठणीत." त्यानंतर काका काट्याच्या मागं गेले ते कायमचे. अख्ख्या गावाची थाप त्यांनी रोज पकडली. स्वतःच्या अंगावर चाळिशी, मग पन्नाशी केव्हा चढून बसली, ते त्यांनी कधी बघितलंच नाही. आजही बासष्ट लिहिताना ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"चढा," पायलटबाई म्हणाल्या.

काका चढले. तबकडीकडं पाठ करून उभं राहायला कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. पायलटबाईंना खोलीचा धर्म कुणी सांगितलेला नव्हता. त्या वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एक्क्याऐंशी."

इतक्या वर्षांत त्या पत्र्याखाली पहिल्यांदाच एका माणसाचा आकडा मोठ्यानं उच्चारला गेला होता, आणि तो काटेकाकांचा होता. मास्तरीणबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. एक गवंडी खोकला.

"आमच्या घरी अन्न वाया जात नाही," काकांची बायको म्हणाली.

"म्हणजे एकोणीस किलो जास्त," पायलटबाई म्हणाल्या. "सॉरी काका. खिंडीवर चढायला इंजिनाला जोर पुरत नाही. मला नाही नेता येणार."

"राहू दे," काका काट्यावरून उतरत म्हणाले. "मंगळवारी जाईन. माझं काय, मी कधीही..."

आणि त्यांनी वाकून बॅग बाकाखाली सरकवायला सुरुवात केली. सवयीनं. त्यांना तेव्हाही काही वाटत नव्हतं. खरं तर थोडं हलकंच वाटलं, आणि हलकं वाटलं हेही त्यांना दुरून, दुसऱ्याचं बघावं तसं दिसलं.

"मंगळवारी?" बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मंगळवारी कुणाला भेटाल?"

कापडवाल्यानं विचारलं, "काय झालंय, काकू?" तिनं सांगितलं.

कापडवाला उठला, त्यानं आपला एक गठ्ठा ओढून काढला आणि बाकावर आपटला. "बारा किलो आहे. तुम्हीच सांगितलं नव्हतं का, काका, मागच्या खेपेला? चुकून बोललात आणि मग जीभ चावलीत." बायकोनं बॅग काढून घेतली, सहा. मग तिनं भर खोलीत नवऱ्याचा जाड कोट उतरवला, खिशातला विमानतळाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला.

"बूट?" एका गवंड्यानं विचारलं.

"बूट राहू द्या. भावापुढं अनवाणी जातील का?"

मास्तरीणबाई पुस्तकं काढायला लागल्या, पण तेवढ्यात काका पुन्हा काट्यावर चढले आणि पायलटबाईंनी, यावेळी अगदी कुजबुजत, "एकोणऐंशी" म्हटलं. हिशेब जमला होता, वर एक किलो उरत होतं. पुस्तकं लागली नाहीत म्हणून मास्तरीणबाई जराशा खट्टूच झाल्या. उरलेल्या किलोत बायकोनं बॅगेतून तो राखाडी स्वेटर काढून काकांच्या हातात कोंबला. "तेवढा न्या," ती म्हणाली. सगळ्यांना वाटलं, काका आता काहीतरी बोलतील. काका म्हणाले, "बसा, बसा. उशीर होतोय."

जड माणूस पुढं, या त्यांच्याच नियमानं काकांना पायलटबाईंच्या शेजारची जागा मिळाली. डोंगर खाली आला. खिंड दिसली, नदी दिसली, नदीवर एक ठिपका होता तो तराफा असावा. आयुष्यभर ऐकलेला तो सगळा रस्ता खाली कुणीतरी फेकून दिलेल्या सुतळीसारखा पडला होता. बघायला हवं होतं. काका समोरच्या पट्टीवरचा एक सैल झालेला स्क्रू बघत राहिले. दादानं तो लगेच आवळला असता.

"आलो," पायलटबाई म्हणाल्या.

चाळीस मिनिटं. इतकी वर्षं लोकांना सांगितलेलं खरं निघालं होतं.

पलीकडच्या विमानतळावरही तशीच पत्र्याची खोली, तसाच काटा, आणि काट्यामागं एक फुंकर मारली तर उडेल असा माणूस. वायरलेसवर या माणसाशी काका वर्षानुवर्षं बोलत आले होते. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"तुम्ही होय!" तो म्हणाला. "आवाजावरनं वाटायचं, काडीपैलवान असाल."

"मला वाटायचं, तुम्ही जाडे असाल."

"चला. स्कूटर काढून ठेवलीय. वहिनींचा निरोप आलाय, शुद्धीवर आहेत."

दवाखान्यातली खोली फिकट हिरवी होती. दादा उशांना टेकून बसला होता, नाकात नळी. त्याचे हात पांघरुणावर पडले होते, नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ तशीच. दवाखान्यातल्या पोरींनी घासघासून पाहिली असणार. ती निघणारी नव्हती. वहिनी उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आलास?" दादा म्हणाला.

"आलो."

"कशानं?"

"विमानानं."

दादानं थोडा वेळ नुसता श्वास घेतला. तेसुद्धा आता त्याला एकेक सुटा सुटा करावं लागत होतं.

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं."

दादानं डोळे मिटले. काकांना वाटलं, झोप लागली. पण त्याच्या कपाळावर आठी होती, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकताना पडायची तशी.

"म्हणजे खरंच तेवढीच लागतात?" तो म्हणाला.

"हो. खरंच."

"मला वाटायचं, तू उगाच सांगतोस. लोकांना बरं वाटावं म्हणून." पुन्हा दोन श्वास. "मी हिला म्हणायचो, जास्तच लागत असणार. चाळीस मिनिटं कुठली! नाहीतर तो आला असता."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. एखाद्या मोटारीचा दोष इतके दिवस आपण चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, असं कळल्यावर माणूस जसं बोलेल, तसं तो बोलला. काकांनी मान हलवली. मान हलवण्यासारखं काही नव्हतं, तरी हलवली.

"हिनं स्वेटर दिलाय," ते म्हणाले.

"बघू. मोठा होईल रे मला आता."

"होऊ दे."

दोघांनी मिळून, नळी सांभाळत, तो त्याच्या अंगात घातला. मोठाच झाला.

रविवारी सकाळी दादा गेला. फोन व्हायची जी वेळ, साधारण तेव्हाच. जे करायचं असतं ते केलं. काकांना जिथं उभं राहायला सांगितलं तिथं ते उभे राहिले, जिथं बसायला सांगितलं तिथं बसले. दादाच्या दुकानातली माणसं रडली. एक गिऱ्हाईक रडलं, त्याची मोटार अर्धी उघडी पडली होती. संध्याकाळी काकांनी बायकोला फोन केला.

"रडलात का?" तिनं विचारलं.

"नाही."

"रडा की थोडं."

"येत नाहीये."

"बरं, मग चार घास खाऊन घ्या," ती म्हणाली.

काकांना खायला दिलं की ते खायचे आणि ताटाकडं बघितल्यावर कळायचं, की खाल्लेलं नाही.

मंगळवारी आभाळ पुन्हा स्वच्छ होतं. वहिनी दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, आता येत जा." आणि मग त्यांनाच काहीतरी जाणवलं असावं, त्या आत वळल्या.

विमानतळावर काका सगळ्यांच्या शेवटी काट्यावर चढले. हातात काही नव्हतं. कोट नव्हता, बॅग नव्हती, स्वेटरही नव्हता. काट्यामागच्या त्या फुंकरीच्या माणसानं तबकडी बघितली, टिपून घेतलं आणि म्हणाला, "बसा."

काका उतरले नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.

तो माणूस दचकला. त्याच्याही खोलीत आकडा सांगायची पद्धत नसावी. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "एकोणऐंशी."

"येताना तेवढंच होतं."

"मग बरोबर आहे की."

"काटा शून्यावर होता का?"

"होता."

"पुन्हा बघा."

पायलटबाई दारात येऊन थांबल्या होत्या. काका खाली उतरले. त्या माणसानं काटा हलवून शून्यावर आणला, कोपऱ्यातलं वीस किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचलून, धापा टाकत, काट्यावर ठेवलं. वीस. ते काढलं. शून्य.

"चढा," तो म्हणाला.

काका चढले. यावेळी ते पाठ करून उभे राहिले नाहीत. वळून, तबकडीकडं बघत उभे राहिले. काटा थोडा पुढं गेला, थोडा मागं आला, थरथरला, आणि एकोणऐंशीवर येऊन थांबला.

"बघा," तो माणूस म्हणाला. "कुठं काही फरक नाही."

"नाही," काका म्हणाले, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.